गुन्हा आपल्यावर झालाय, सरकारी वकील आहे, मग स्वतःचा वकील लावायचा का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे पुण्यात क्रिमिनल केस चालू असलेल्या फिर्यादी आणि पीडित लोकांसाठी लिहिलंय, त्यांच्या घरच्यांसाठी पण. आरोपीने काय करायचं ते इथे नाहीये, त्याच्यासाठी सल्ले देणारे ढीगभर आहेत. पीडितांना मात्र कोणी धड सांगत नाही, आणि मग एकतर लोक घाबरून पहिल्याच दिवशी हजारो रुपये वकिलाला देऊन बसतात नाहीतर "सरकार बघेल" म्हणून चार वर्षं कोर्टाकडे फिरकतच नाहीत. दोन्हीत नुकसान आपलंच होतं.

एका वाक्यात सांगा, वकील लावावाच लागतो का?

नाही, कायद्याने सक्ती नाही. पोलिसांनी एफआयआर घेतली, तपास केला, चार्जशीट टाकली की ती केस "महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक" अशी चालते, तुम्ही त्यात मूळ फिर्यादी आणि साक्षीदार. केस चालवायचं काम सरकारी वकिलांचं आणि त्याचे पैसे तुम्हाला द्यायचे नसतात. कोणी सांगत असेल की वकीलपत्र टाकल्याशिवाय तुमची केस बोर्डावरच (त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत) येणार नाही तर तो खोटं बोलतोय.

पण "सक्ती नाही" म्हणजे "गरज नाही" असं होत नाही. माझं मत स्पष्ट आहे, प्रत्येक तारखेला वकील उभा करायची गरज बहुतेकांना नसते, पण केसमध्ये चार-पाच जागा अशा येतात की तिथे तुमच्या बाजूने बोलणारं कोणी नसेल तर गेलेली गोष्ट परत आणता येत नाही. जामीन, समरी (केस बंद करायचा पोलिसांचा रिपोर्ट), तुमची साक्ष, तडजोडीचा दबाव आणि निकालानंतरचं अपील. त्या जागा ओळखायच्या आणि तिथे माणूस लावायचा, खाजगी किंवा सरकारी खर्चाने.

सरकारी वकील म्हणजे माझाच वकील ना?

इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. सरकारी वकील शासनाचे असतात, तुमचे नसतात. आरोपीला कसंही करून आत टाकणं हे त्यांचं काम नाहीच, पुरावा कोर्टासमोर नीट मांडणं हे त्यांचं काम, आणि पुराव्यात आरोपीच्या फायद्याचं काही असेल तर तेही त्यांनी लपवायचं नसतं. हे बरोबरच आहे, मला त्यात खोट दिसत नाही. पण त्याचा अर्थ असा की तुमच्या भीतीचा, तुमच्या मुलीच्या परीक्षेचा, तुमच्या घराच्या खालीच आरोपीचे मित्र उभे राहतात याचा विचार करायला त्यांना कोणी नेमलेलं नाही. तुम्ही सांगितलंत तर करतील, बरेच जण मनापासून करतात, पण सांगायला तुम्हाला जावं लागतं.

शिवाजीनगरला एका कोर्टात एका सकाळी बोर्डावर किती केसेस असतात ते एकदा जाऊन बघा म्हणजे कळेल. सरकारी वकिलाच्या हातात फाइल येते तेव्हा त्यांनी तुम्हाला कधी बघितलेलं नसतं, एफआयआर दोन वर्षांपूर्वीची, तपास अधिकाऱ्याची बदली झालेली. यात दोष एकट्या माणसाचा नाही, कामाचा बोजाच तेवढा आहे. म्हणून तारखेच्या आधी जाऊन भेटा, केस नंबर सांगा, मी या केसमधला फिर्यादी म्हणून ओळख करून द्या. याला पैसे लागत नाहीत आणि खाजगी वकीलही लागत नाही.

"पीडित" म्हणजे फक्त ज्याला मार लागला तोच का?

नाही. गुन्ह्यामुळे ज्याचं नुकसान झालं किंवा ज्याला इजा झाली तो पीडित, आणि त्याचे पालक किंवा कायदेशीर वारस सुद्धा. म्हणजे खुनाच्या केसमध्ये आई-वडील, बायको, मुलं यांना पीडित म्हणून हक्क आहेत. ही व्याख्या २००९ च्या दुरुस्तीने जुन्या क्रिमिनल प्रोसिजर कोडमध्ये आली आणि आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे ज्याला सगळे बीएनएसएस म्हणतात, त्यातही आहे.

मी वकील लावला तर तो कोर्टात नेमकं काय करू शकतो?

बीएनएसएसच्या कलम १८ मध्ये असं आहे की कोर्ट पीडिताला त्याच्या पसंतीचा वकील लावायची परवानगी देऊ शकतं, सरकारी पक्षाला मदत करण्यासाठी. "मदत" हा शब्द नीट लक्षात ठेवा. कलम ३३८ प्रमाणे केस सरकारी वकीलच चालवतात, तुमचा वकील त्यांच्या सूचनेप्रमाणे काम करतो आणि पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो. सेशन्स कोर्टात, म्हणजे जिथे खून-बलात्कारासारखे गंभीर गुन्हे चालतात, साक्षीदारांना स्वतः उभं राहून प्रश्न विचारणं, उलटतपास घेणं, तोंडी आर्ग्युमेंट करणं हे त्याला करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये रेखा मुरारका केसमध्ये हे सांगितलंय. सरकारी वकिलांकडून एखादा मुद्दा राहून जातोय असं वाटलं तर तुमच्या वकिलाने तो प्रश्न त्यांच्यामार्फत विचारायचा, आणि तरी नाही झालं तर कोर्टाच्या लक्षात आणून द्यायचं, कारण जज साहेबांना स्वतःहून साक्षीदाराला प्रश्न विचारायचा किंवा परत बोलवायचा अधिकार असतो.

मॅजिस्ट्रेट कोर्टात थोडं वेगळं आहे. तिथे कलम ३३९ खाली मॅजिस्ट्रेट परवानगी देऊ शकतात की पूर्ण केसच तुमचा वकील चालवेल. पण ती परवानगी आहे, हक्क नाही, आणि अर्जात कारण नीट लिहावं लागतं.

त्यामुळे कोणी वकील तुम्हाला म्हणाला "मी असा क्रॉस घेतो बघा की आरोपी घाम पुसत बसेल" तर सेशन्सच्या केसमध्ये तो तुम्हाला न मिळणारी गोष्ट विकतोय. तिथून उठा.

खरं काम शांतपणे होतं. चार्जशीट वाचून कुठला कागद राहिलाय ते बघणं, सीसीटीव्हीचं सर्टिफिकेट लागलंय का, मेडिकलचे रिपोर्ट फाइलमध्ये आलेत का, कुठल्या साक्षीदाराचा पत्ता बदललाय म्हणून समन्स परत येतंय का, आणि हे सगळं लेखी नोट करून सरकारी वकिलांच्या हातात देणं. हे नीट करणारा वकील कोर्टात दोन वाक्यं बोलला तरी चालेल.

एफआयआर करायला जातानाच वकील न्यायचा का?

बहुतेक वेळा गरज नाही. शांत डोक्याचा एक नातेवाईक किंवा मित्र न्या, तो जास्त उपयोगी पडतो. जे घडलं ते तुमच्या शब्दात सांगा, लिहून झाल्यावर पूर्ण वाचा, समजलं नाही तर वाचून दाखवायला सांगा, मगच सही. एफआयआरची कॉपी फुकट मिळणं हा तुमचा हक्क आहे. घटना हडपसरला झाली आणि तुम्ही कोथरूडला आहात तरी कोथरूडला झीरो एफआयआर होते, नंतर ती ट्रान्सफर होते. पिंपरी-चिंचवडचं कमिशनरेट २०१८ पासून वेगळं आहे, त्यामुळे वाकड-हिंजवडी की औंध-बाणेर या हद्दीच्या वादात लोकांना इकडून तिकडे पाठवलं जातं, तेव्हा हे लक्षात ठेवा आणि नम्रपणे पण ठाम सांगा.

पोलिस घेतच नसतील तर आधी लेखी तक्रार वरिष्ठांना, पोस्टाने पाठवा आणि पावती जपा, आणि तरी काही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र. हा अर्ज मात्र वकिलाकडूनच करून घ्या, कारण आधीच्या पायऱ्या केल्याचे कागद जोडले नाहीत म्हणून असे अर्ज अडकतात.

पोलिस म्हणतात तपास चालू आहे, पुढे काहीच कळत नाही. वकील लावला तर हलेल का?

हलेलच असं नाही. पण आता कायद्यात आहे की पोलिसांनी ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं, मेसेज किंवा मेलने कळवलं तरी चालतं. ९० दिवस झाले की एक साधा अर्ज द्या, गुन्हा रजिस्टर नंबर टाकून, "तपासाची प्रगती कळवावी". पोच घ्या. ते स्वतः लिहिता येतं.

कोर्टातून नोटीस आली की पोलिसांनी बी समरी टाकलीये. म्हणजे काय? घाबरायचं का?

घाबरायचं नाही पण झोपायचंही नाही. आपल्या महाराष्ट्रात पोलिस केस बंद करायला कोर्टात समरी रिपोर्ट टाकतात. ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, बी समरी म्हणजे फिर्यादच खोटी, सी समरी म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची वगैरे. मॅजिस्ट्रेट ती मान्य करायच्या आधी फिर्यादीला ऐकतात, सुप्रीम कोर्टाने हे १९८५ मध्येच भगवंत सिंग केसमध्ये घालून दिलंय.

त्या तारखेला तुम्ही गेला नाहीत तर समरी मंजूर होऊन जाऊ शकते. आणि बी समरी मंजूर झाली तर कागदावर तुमची फिर्याद खोटी ठरते, पुढे तुमच्यावरच कारवाईची टांगती तलवार. म्हणून माझ्या मते ही अशी जागा आहे जिथे वकील लावाच. तो समरीचे सगळे कागद काढतो, पोलिसांनी कोणाचे जबाब घेतले नाहीत, कुठला पुरावा बघितलाच नाही हे दाखवून विरोधाचा अर्ज देतो, ज्याला कोर्टात प्रोटेस्ट पिटिशन म्हणतात. मॅजिस्ट्रेट मग पुढचा तपास करायला सांगू शकतात किंवा रिपोर्ट नाकारून थेट केस दाखल करून घेऊ शकतात. पैसे एकाच ठिकाणी घालवायचे असतील तर मी इथे घालवा म्हणेन.

आरोपीने जामीन टाकलाय. मी विरोध करू शकते का?

हो. सरकारी वकील विरोध करतातच, पण तुमचा वकील हस्तक्षेप अर्ज देऊन मूळ फिर्यादीतर्फे म्हणणं मांडू शकतो. लखीमपूर खेरीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं की पीडिताला तपासापासून ते अपीलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेतलं जाण्याचा हक्क आहे, आणि तिथे पीडितांना नीट ऐकलं नव्हतं हे जामीन रद्द होण्याचं एक कारण होतं.

काही केसेसमध्ये तर तुम्हाला बोलवणंच बंधनकारक आहे. ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम १५ए, पोक्सो (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा), १६ वर्षांखालच्या मुलीवरचा बलात्कार. नोटीस न देता जामीन झाला असेल तर तो मुद्दा घेऊन वरच्या कोर्टात जाता येतं.

जामिनाला विरोध करताना नुसतं "तो वाईट माणूस आहे" सांगून उपयोग नसतो हे लक्षात घ्या. धमकीचे मेसेज, कॉल रेकॉर्ड, सोसायटीच्या गेटवरचा सीसीटीव्ही, त्याच माणसावर आधीचे गुन्हे, असं काही हातात द्या. आणि जामीन झालाच तर अटी मागून घ्या, तुमच्या एरियात यायचं नाही, साक्षीदारांशी बोलायचं नाही. अट मोडली की रद्द करायला अर्ज करता येतो. जामीन मिळाला म्हणजे तो सुटला नाही, केस तशीच चालते. घरचे लोक त्या दिवशी खचून जातात आणि पुढच्या तारखांनाच जाणं सोडतात, ते नका करू.

चार्जशीटची कॉपी मला मिळते का?

ही छोटी गोष्ट आहे पण फार महत्त्वाची. बीएनएसएसच्या कलम २३० प्रमाणे चार्जशीट आणि सोबतचे जबाब, कागदपत्रं आरोपीला फुकट मिळतात, आणि आता पीडितालाही मिळतात, पण एक अट आहे, पीडितातर्फे वकील असला पाहिजे. वकीलपत्र दाखल असेल तरच. नसेल तर सर्टिफाइड कॉपीसाठी वेगळा अर्ज करा, फी भरा, खेटे घाला. निदान या कामापुरता तरी वकील असावा असं मला वाटतं, कारण आरोपीच्या वकिलाने सगळी फाइल पाठ केलेली आणि आपल्याला त्यात काय आहे तेच माहीत नाही, असं साक्षीला उभं राहणं फार वाईट.

साक्षीला जायचंय, खूप टेन्शन आलंय. वकील काय बोलायचं ते शिकवतो का?

शिकवायचं नसतं आणि शिकायचंही नाही. पढवलेला साक्षीदार उलटतपासात लगेच उघडा पडतो आणि खरी केस पण खोटी वाटायला लागते. पण कोर्ट कसं चालतं ते समजून घेणं म्हणजे पढवणं नाही. आधी सरकारी वकील विचारतात त्याला सरतपास म्हणतात, मग आरोपीचा वकील उलटतपास घेतो, तुम्ही जज साहेबांकडे बघून बोलायचं, सावकाश, कारण टाइप होत असतं. प्रश्न कळला नाही तर "परत विचारा" म्हणायचं. आठवत नसेल तर आठवत नाही. आरोपीच्या वकिलाने विचारलं की तुम्ही वकिलाला भेटून आलात का, तर भेटला असाल तर हो म्हणा, त्यात गुन्हा काही नाही.

शक्य असेल तर आधी एक दिवस जाऊन दुसऱ्या कोणाची तरी साक्ष मागच्या बाकावर बसून ऐका. ओपन कोर्टात बसू देतात. अर्धी भीती तिथेच जाते.

बलात्काराच्या आणि पोक्सोच्या केसेस इन कॅमेरा चालतात, म्हणजे बाहेरचं कोणी आत नसतं. तिथे तुमचा वकील फक्त आत बसलेला असला तरी फरक पडतो. चारित्र्यावर जाणारे प्रश्न सुरू झाले की सरकारी वकिलांना इशारा करणारं, किंवा कोर्टाला "थोडा वेळ द्या" म्हणणारं आपलं माणूस तिथे असतं. आरोपी समोर दिसल्यावर पोरगी गोठून जाते, तेव्हा पडदा लावा किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर घ्या हा अर्ज आधीच केलेला असावा लागतो, ऐन वेळी सुचत नाही.

आमचं मूल लहान आहे, पोक्सोची केस आहे.

मग प्रश्नच नको, वकील घ्या. पोक्सो कायद्याच्या कलम ४० मध्ये मुलाच्या घरच्यांना पसंतीचा वकील लावायचा हक्क दिलाय आणि परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे फुकट वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेने, द्यायचा. आणि मुंबई हायकोर्टाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की जामीन अर्जासारख्या गोष्टींची नोटीस पीडित मुलाच्या बाजूला गेलीच पाहिजे. यासोबत बाल कल्याण समितीकडून सपोर्ट पर्सन मिळू शकते, ती वकील नसते पण मुलाच्या सोबत असते, तिची चौकशी जरूर करा. शाळेत, सोसायटीच्या ग्रुपवर मुलाचं नाव, फोटो, फ्लॅट नंबर कोणी टाकत असेल तर ताबडतोब थांबवा, ओळख उघड करणं हा स्वतःच गुन्हा आहे.

पैसे नाहीत. खरंच फुकट वकील मिळतो का, आणि तो चांगला असतो का?

मिळतो. पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातच आहे, मेट्रोने जिल्हा न्यायालय (आधीचं नाव सिव्हिल कोर्ट) स्टेशनला उतरलात की चालत पोचता. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मिळतो, हे बायकांना कोणी सांगतच नाही, नोकरी करणाऱ्या ताई पण विचारतात "मला कसा मिळेल, माझा पगार आहे ना". मिळतो. लहान मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग यांनाही तसंच. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. आधार कार्ड, एफआयआरची कॉपी, असेल ते कागद घेऊन जा. फोनवर माहिती हवी तर १५१००.

बारामती, राजगुरुनगर, वडगाव मावळ असे तालुक्याला राहणाऱ्यांनी शिवाजीनगरला यायची गरज नाही, तिथल्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते.

एक गोंधळ होतो. लीगल एड डिफेन्स कौन्सिल नावाचं जे ऑफिस आहे ते आरोपींसाठी आहे. तुम्ही खिडकीवर स्पष्ट सांगा की मी फिर्यादी आहे, मला पॅनलवरचा, म्हणजे तुमच्या यादीतला, वकील हवाय.

आता चांगला असतो का. खाजगी वकिलांमध्ये जसे सगळे प्रकार असतात तसेच इथेही असतात. काही तरुण वकील इतकी मेहनत घेतात की पैसे घेणाऱ्याने लाजावं. आणि नाहीच जमलं, फोन उचलत नाही, तारखेला येत नाही, तर लेखी अर्ज देऊन वकील बदलून मागता येतो. भिडेखातर गप्प बसू नका.

खाजगी वकील कसा निवडायचा? फी किती?

फीचा आकडा मी देणार नाही, केसप्रमाणे आणि वकिलाप्रमाणे इतका फरक आहे की आकडा दिला तर दिशाभूलच होईल. पण कामाचे तुकडे करून बोला. "फक्त जामिनाच्या विरोधाला किती", "फक्त समरीला किती", "साक्षीच्या आधी दोन मीटिंग आणि साक्षीच्या दिवशी हजर राहायला किती". बरेच वकील असं घेतात. पैसे दिल्याची पावती किंवा निदान ऑनलाइन पेमेंट. ओरिजिनल कागद देऊ नका, झेरॉक्स द्या.

फक्त दिवाणी करणारा ओळखीचा काका वकील आहे म्हणून खुनाची केस त्यांना देऊ नका. आणि निकालाची गॅरंटी देणारा, "साहेब आपलेच आहेत" म्हणणारा, याच्यापासून लांब.

माझी चेक बाउन्सची केस आहे, किंवा घरगुती हिंसाचाराची. तिथे पण सरकारी वकील असतो का?

चेक बाउन्स म्हणजे कलम १३८, त्यात पोलिस आणि सरकारी वकील नसतात, तक्रार तुम्हीच दाखल करायची आणि तुमच्याच वकिलाने चालवायची. घरगुती हिंसाचार कायदा २००५ खालचा अर्ज पण तुमचाच, संरक्षण अधिकारी मदत करतात पण वकील हवाच, फुकटवाला चालेल. मात्र नवऱ्यावर छळाची पोलिस केस वेगळी झाली असेल तर त्यात सरकारी वकील असतात. एकाच बाईच्या दोन केसेस दोन कोर्टात चालू असतात आणि तिला वाटतं की एकच वकील दोन्ही बघतोय, आधी खात्री करा.

ॲक्सिडेंटमध्ये माणूस गेला. क्रिमिनल केसमध्येच भरपाई मिळेल का?

खरी भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मिळते, तो वेगळा दावा आहे आणि त्याला वकील लागतो. अपघातापासून सहा महिन्यांत दावा टाकायची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे, म्हणून क्रिमिनल केसचा निकाल लागू दे मग बघू असं अजिबात करू नका. नवले पुलावर नाहीतर नगर रोडवर गेलेल्या माणसाचे घरचे आधीच कोसळलेले असतात, त्यांना हे पहिल्या महिन्यातच कोणीतरी सांगायला हवं.

ऑनलाइन फ्रॉड झाला, पैसे बँकेत फ्रीझ झालेत, परत कसे आणायचे?

१९३० या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनवर लगेच कॉल केला असेल तर निम्मं काम झालं. फ्रीझ झालेली रक्कम परत घ्यायला कोर्टात अर्ज करावा लागू शकतो, जसा चोरीचा मुद्देमाल सोडवतात तसाच. अर्ज छोटा असतो, तपास अधिकाऱ्याचं म्हणणं मागवतात. तपास अधिकाऱ्याला आधी विचारा की किती रक्कम कुठल्या खात्यात अडकलीये, ते लेखी घ्या. मोठी रक्कम असेल तर वकील लावा.

खर्चाची, उपचाराची भरपाई सरकारकडून मिळते का?

बलात्कार, पोक्सो आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, गंभीर केसमध्ये १० लाखांपर्यंत मदत आहे आणि ती विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते. बाकीच्या गुन्ह्यांसाठी पीडित भरपाई योजना. आरोपी सापडला नाही तरी अर्ज करता येतो. आणि बलात्कार, पोक्सो, ॲसिड हल्ल्याच्या केसेसमध्ये पहिला उपचार खाजगी हॉस्पिटलने पण फुकट करायचा असतो, डिपॉझिट भरा म्हणून दारात थांबवता येत नाही.

समोरचे लोक मिटवून घ्या म्हणतायत. गावातले, सोसायटीतले, आपलेच नातेवाईक.

सगळ्यात जास्त केसेस कोर्टात नाही, इथे घरात संपतात. काही छोटे गुन्हे कायद्याने मिटवता येतात, साधी मारहाण वगैरे, आणि खरंच मनापासून मिटवायचं असेल तर मिटवा, त्यात कमीपणा नाही. पण खून, बलात्कार, पोक्सो हे आपसात मिटवता येत नाहीत. कोणी पैसे देऊन "साक्षीला उलटं बोल" म्हणत असेल तर ती तडजोड नाही, शपथेवर खोटं बोलल्याचा गुन्हा तुमच्यावर येऊ शकतो.

हायकोर्टात तडजोडीने केस रद्द करून घ्यायला तुमची संमती लागते म्हणून आरोपीचा वकील टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र आणून "ताई, फक्त सही करा" म्हणतो. त्या कागदावर सही करायच्या आधी तुमच्या स्वतःच्या वकिलाला दाखवा. एका तासाच्या सल्ल्याला जे लागतील ते लागतील. धमकी असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो, पोलिस बंदोबस्तापासून ओळख लपवण्यापर्यंत त्यात सोय आहे.

सरकारने केस मागे घ्यायची ठरवली तर?

आता कलम ३६० प्रमाणे पीडिताला ऐकल्याशिवाय कोर्ट ती मागे घेऊ देऊ शकत नाही. नोटीस आली तर वकील घेऊन जा आणि लेखी विरोध द्या.

आम्हाला उज्ज्वल निकमांसारखा स्पेशल सरकारी वकील हवाय.

स्पेशल पब्लिक प्रॉसिक्युटर सरकार नेमतं, किमान १० वर्षांची प्रॅक्टिस असलेला वकील लागतो. तुम्ही विधी व न्याय विभागाकडे अर्ज करू शकता, कारणं देऊन. मिळेलच असं नाही आणि प्रत्येक केसला लागतही नाही. त्याची वाट बघत तारखा पुढे ढकलत बसू नका, तोवर साक्षीदार विसरतात, गाव सोडून जातात.

आरोपी निर्दोष सुटला. आता संपलं का?

नाही. पीडिताला स्वतःचं अपील करायचा हक्क आहे, कलम ४१३ मध्ये. आरोपी सुटला, किंवा कमी गंभीर गुन्ह्यात दोषी धरला, किंवा भरपाई कमी दिली, या तीनही बाबतीत. सरकारने अपील केलं नाही तरी तुम्ही करू शकता आणि सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मल्लिकार्जुन कोडगली केसमध्ये सांगितलंय की त्यासाठी कोर्टाची आधी परवानगी घ्यायची गरज नाही. शिक्षा कमी झाली एवढ्याच कारणावर मात्र तुम्हाला अपील नाही, ते सरकारने करायचं असतं, त्यासाठी सरकारी वकिलांना लेखी विनंती द्या.

मॅजिस्ट्रेटचा निकाल असेल तर अपील शिवाजीनगरलाच सेशन्समध्ये, सेशन्सचा असेल तर मुंबई हायकोर्टात. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला बेंच चालू झालंय पण पुणे जिल्हा त्यात नाही, आपल्याला मुंबईलाच जावं लागतं. इथे तुमचा वकील मदतनीस नसतो, अपील तुमचं असतं आणि तो पूर्ण बोलतो. त्यामुळे अपीलासाठी चांगला वकील शोधा, निकालाची सर्टिफाइड कॉपी त्याच दिवशी अर्ज करून मागवा, उशीर करू नका. पैसे नसतील तर हायकोर्टाची पण विधी सेवा समिती आहे.

वकील लावायचाच नाही ठरवलं तर निदान काय करावं?

एक वही करा. एफआयआर नंबर, पोलिस स्टेशन, तपास अधिकाऱ्याचं नाव, कोर्ट कुठलं, कारण शिवाजीनगर, लष्कर, खडकी, पिंपरी सगळीकडे कोर्ट आहेत आणि लोक चुकीच्या ठिकाणी दिवस घालवतात. चार्जशीट झाली की केसचा १६ अक्षरांचा सीएनआर नंबर घ्या आणि ई-कोर्ट्स ॲपवर टाका, पुढची तारीख घरी बसून दिसते. पोलिस स्टेशनच्या कोर्ट पैरवी अंमलदाराचा नंबर ठेवा, समन्स त्यांच्यामार्फत येतं. पत्ता किंवा मोबाइल बदलला तर पोलिस स्टेशनला आणि सरकारी वकिलांना दोघांनाही लेखी कळवा. मेसेज, फोटो, रेकॉर्डिंग ज्या मोबाइलमध्ये आहेत तो मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका, नवीन घेतला तरी जुना कपाटात ठेवा. दर दोन-तीन तारखांना एकदा कोर्टात जाऊन या, पाच मिनिटं सरकारी वकिलांना भेटा. आणि समरीची, जामिनाची किंवा केस मागे घेण्याची नोटीस हातात पडली की त्याच दिवशी विधी सेवा प्राधिकरणात जा.